हिवाळी आणि उन्हाळी चाकांचे दोन संच: घ्यायचे का, आणि घेतले तर सांभाळायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून बदली होऊन एक कुटुंब स्टुटगार्टजवळ राहायला आलं आहे. वापरलेली स्कोडा ऑक्टाविया घेतली, तिच्यावर उन्हाळी टायर आहेत. विकणाऱ्याने सांगितलं, हिवाळी टायर वेगळे घ्या. शेजारी म्हणतो, बारमाही टायर टाका आणि मोकळे व्हा. ऑफिसातले सहकारी म्हणतात, नुसते टायर घ्या, रिम दोनदा कशाला? नाताळात ऑस्ट्रियाला जायचं ठरलं आहे. मग नेमकं काय घ्यावं, चाकं घरी बदलता येतील का आणि काढलेला संच ठेवायचा कुठे?

दक्षिण जर्मनीत वर्कशॉपमध्ये टायर आणि चाकं हेच माझं रोजचं काम आहे, बरीच वर्षं झाली. म्हणून उत्तर आधी देतो: तुम्ही दोन संच घ्या, आणि रिमसकट घ्या. म्हणजे आठ टायर, आठ रिम. हे ऐकायला चैनीचं वाटतं, पण तसं ते नाही, ते पुढे हिशेबात येईलच. मात्र टायर कुठले घ्यायचे यावर लोक आठवडे घालवतात आणि चाक बसवताना जे बघायला हवं त्याला दोन मिनिटंही देत नाहीत, हे मला रोज दिसतं. त्यामुळे या उत्तरातली बरीच जागा मी चाक बसवण्यालाच देणार आहे.

आधी कायदा. जर्मनीत अमुक तारखेपासून हिवाळी टायर लावलेच पाहिजेत असा नियम नाही. 2010 च्या डिसेंबरपासूनचा नियम परिस्थितीवर आहे: रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल, गोठलेलं पाणी किंवा गोठलेल्या दवाचा निसरडा थर असेल तर हिवाळी टायर हवेतच. 20 नोव्हेंबरला रस्ता कोरडा असेल तर उन्हाळी टायरवर गाडी चालवणं गुन्हा नाही, आणि एप्रिलात बर्फ पडला तर त्याच टायरवर बाहेर पडणं गुन्हा आहे. दंड 60 युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या नोंदीत, म्हणजे चालकांच्या गुन्ह्यांच्या सरकारी नोंदीत, एक पॉइंट. तुमच्यामुळे वाहतूक अडली, कुणाला धोका झाला किंवा अपघात झाला तर रक्कम वाढत जाते. गाडी दुसऱ्याला चालवायला दिली असेल तर मालकालाही वेगळा दंड होतो. दंडापेक्षा जड जातं ते अपघातानंतरचं प्रकरण, कारण टायर चुकीचे होते म्हटल्यावर विमा कंपनी तुमच्या निष्काळजीपणाचा मुद्दा काढू शकते.

हिवाळी टायर कायद्याने कशाला म्हणायचं, हे आता पक्कं ठरलं आहे. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह हवं. पूर्वी नुसती ‘एम प्लस एस’ ही अक्षरंही चालत. 2017 च्या अखेरपर्यंत तयार झालेल्या तशा टायरना 30 सप्टेंबर 2024 पर्यंत मुभा होती, ती संपली. जुन्या गाडीसोबत ‘हिवाळी टायर फुकट’ म्हणून कुणी संच देत असेल तर आधी हे चिन्ह शोधा. नसेल तर तो संच हिवाळ्यासाठी बाद आहे.

ऑस्ट्रियात नियम थोडा वेगळा आहे. तिथे 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल हा काळ ठरवून दिला आहे. त्या काळात रस्त्यावर हिवाळी स्थिती असेल तर हिवाळी टायर हवेत, आणि टायरवरच्या नक्षीची, म्हणजे खाचांची, खोली निदान 4 मिलिमीटर असेल तरच तो टायर हिवाळी धरतात. जर्मनीत कायदेशीर किमान 1.6 मिलिमीटर आहे. म्हणजे 3 मिलिमीटर शिल्लक असलेला टायर घेऊन तुम्ही उल्मवरून निघालात तर जर्मनीत कायद्यात बसता, सीमा ओलांडली की बसत नाही. मी स्वतः जर्मनीतही 4 मिलिमीटरखालचा हिवाळी टायर परत बसवायचा आग्रह धरत नाही, ग्राहकाला तसं तोंडावर सांगतो. मोजायला खिशातलं 2 युरोचं नाणं पुरतं. त्याची बाहेरची चंदेरी कड 4 मिलिमीटर आहे. नाणं खाचेत उभं घाला; कड पूर्ण आत गेली तर ठीक.

आता रबराचं. उन्हाळी टायरचं मिश्रण गरम डांबरावर टिकावं म्हणून बेतलेलं असतं. थंडीत ते घट्ट होत जातं, बाटलीतलं खोबरेल तेल डिसेंबरच्या सकाळी व्हावं तसं. घट्ट झालेलं रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात रुतत नाही, म्हणून पकड जाते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका असते आणि ते उणे तापमानातही लवचीक राहील असं केलेलं असतं. दुसरा भाग नक्षीचा. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा दिसतील, इथे त्यांना लामेल्ला म्हणतात. चाक फिरताना त्या उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला चावतात आणि खाचांत बर्फ दाबून भरला जातो. बर्फ बर्फाला चांगला धरतो. हिमगोळा करताना भुसभुशीत बर्फ जसा एकमेकांना चिकटतो तेच इथे होतं. खाचा उथळ झाल्या की भरायला जागा उरत नाही, म्हणून त्या 4 मिलिमीटरचा एवढा आग्रह.

सात अंशांचा आकडा तुम्ही ऐकलाच असेल: तापमान सातच्या खाली गेलं की हिवाळी टायर लावा. तो ढोबळ अंदाज आहे. चांगला उन्हाळी टायर कोरड्या रस्त्यावर पाच अंशांत निकामी होत नाही. तो निकामी होतो बर्फावर, आणि तिथे मात्र अगदी पूर्ण. आल्बवर, म्हणजे स्टुटगार्टच्या दक्षिणेच्या डोंगराळ पठारावर, उराखच्या चढावर पहिल्या बर्फाच्या दिवशी आडव्या झालेल्या गाड्या उचलायला आमचा माणूस जातो, तेव्हा जवळजवळ सगळ्यांवर उन्हाळी टायर असतात, आणि त्यांत फोर व्हील ड्राइव्हच्या मोठ्या गाड्याही असतात. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलायला मदत करतं. थांबवायला सगळ्याच गाड्यांना चारच चाकं असतात आणि ती चाकं टायरच्या पकडीवरच थांबतात. ‘माझी फोर व्हील आहे, मला गरज नाही’ हे वाक्य कृपा करून मनातूनही काढून टाका.

बारमाही टायरबद्दल शेजारी चुकीचं सांगत नाहीत, त्यांच्यासाठी ते बरोबर असू शकतं. डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेला बारमाही टायर कायद्याने हिवाळी धरला जातो. कोलोन, ड्युसेलडॉर्फ, ऱ्हाइनच्या खोऱ्यातला माणूस, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर, बर्फ पडला तर ट्रामने जाणारा, अशा ग्राहकाला मी स्वतः बारमाही सुचवतो. तुमचं तसं नाही. तुम्ही स्टुटगार्टच्या टेकड्यांत राहता, शनिवार-रविवार आल्बवर किंवा आल्प्सच्या पायथ्याच्या आल्गॉयकडे जाणार, नाताळात ऑस्ट्रियाच्या घाटात, आणि जुलैत याच गाडीने सामान भरून इटलीपर्यंत ऑटोबानवर. बारमाही टायर या दोन्ही टोकांना तडजोड करतो: जुलैच्या तापलेल्या रस्त्यावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो आणि जानेवारीच्या घाटात खऱ्या हिवाळी टायरएवढा धरत नाही. एक टोक टाळता येत असेल तर तडजोड परवडते. तुम्हाला दोन्ही टोकं गाठायची आहेत.

उलटा मोहही असतो, हिवाळी टायर उन्हाळाभर तसेच ठेवायचा. ते टायर ‘संपवायचे’ म्हणून लोक करतात. मऊ रबर तीस अंशांत भराभर झिजतं, वळणावर ठोकळे दबून गाडी डोलते आणि ब्रेकचं अंतर चांगलंच वाढतं. मुलं मागच्या सीटवर असताना हे करू नका.

आता हिशेब, कारण सहकाऱ्यांचा प्रश्न योग्य आहे: रिम दोनदा कशाला? टायरचा खर्च दोन संचांमुळे दुप्पट होत नाही. हिवाळी टायर फिरतात तेव्हा उन्हाळी झिजत नाहीत. समजा एक संच 40,000 किलोमीटर चालतो आणि तुम्ही वर्षाला 15,000 चालवता. एकाच संचावर पावणेतीन वर्षांत नवे टायर लागतील. दोन संचांवर तेच आठ टायर पाच वर्षांहून जास्त चालतील. एकूण टायर तेवढेच. वाढतो तो फक्त रिमचा एकदाचा खर्च. साध्या स्टील रिम तुमच्या गाडीला फार महाग नाहीत, आणि वापरलेल्या तर आणखी स्वस्त मिळतात.

रिम एकच ठेवली तर वर्षातून दोनदा टायर रिमवरून उतरवायचा, दुसरा चढवायचा, हवा भरायची, बॅलन्सिंग करायचं. आमच्या भागात या कामाचे पैसे तयार चाकं नुसती अदलाबदल करण्याच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक पडतात. दोन-तीन वर्षांत स्टील रिमची किंमत इथेच वसूल होते. पैशाहून मला जास्त खटकतं ते वेगळं: टायरची कड, जिच्यात पोलादी तार असते आणि जी रिमला घट्ट बसून हवा धरते, ती दरवेळी मशीनवर ताणली जाते. घाईच्या दिवशी नवशिक्या हाताखाली ती कापली जाऊ शकते आणि बाहेरून दिसतही नाही. शिवाय तयार चाकं असली की तुम्हाला वर्कशॉपची वाट बघायची गरज नाही. पहिला बर्फ पडला की आमच्याकडे दोन-तीन आठवडे वेळ मिळत नाही, हे दरवर्षीचं आहे. रिमवर बसलेली चाकं तळघरात तयार असतील तर तुमचं तुम्ही करू शकता.

रस्त्यावरचं मीठही रिमच्या बाजूने बोलतं. इथे हिवाळाभर मीठ टाकतात. चकचकीत अलॉयवर एखादी चरे पडलेली जागा असली की मीठ तिथून रंगाखाली शिरतं आणि पापुद्रे सुटतात. अलॉय उन्हाळ्यासाठी राखा, हिवाळ्यात काळी स्टील रिम चालवा. गाडी थोडी गरीब दिसते, चालेल.

मापाचं आता नीट बघू, कारण इथे पैसे वाया जातात. तुमच्या गाडीच्या नोंदणीपत्रावर एकच टायरचं माप लिहिलेलं असतं, पण परवानगी असलेली मापं त्याहून जास्त असतात. ती सगळी गाडीसोबतच्या सीओसी कागदात, म्हणजे कंपनीच्या प्रमाणपत्रात, असतात. जुनी गाडी घेताना तो कागद मिळाला नसेल तर विकणाऱ्याकडे मागा, नाहीतर कंपनीकडून मिळतो. तुमच्या ऑक्टावियाच्या पिढीत सर्वसाधारणपणे तीन मापं दिसतात: 195/65 R15, 205/55 R16, 225/45 R17. ही तीन मापं फार वेगळी वाटतात, पण गणित करून बघा. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, तिसरा रिमचा व्यास इंचांत. 205 चे 55 टक्के म्हणजे 112.75, वर आणि खाली मिळून 225.5, त्यात 16 इंच म्हणजे 406.4 मिळवा, 631.9 मिलिमीटर. 225/45 R17 चं उत्तर 634.3 येतं आणि 195/65 R15 चं 634.5. चाकाचा बाहेरचा व्यास तिन्हीत जवळजवळ तोच, म्हणून स्पीडोमीटर चुकत नाही. बदलतं ते रिम आणि रबर यांचं प्रमाण. हिवाळ्यासाठी मी परवानगी असलेलं लहान रिमचं, अरुंद माप घ्यायला सांगतो. टायर स्वस्त पडतो, भिंत उंच असल्याने बर्फाखाली लपलेल्या फुटपाथच्या कडेला रिम आपटत नाही, आणि अरुंद टायरला गरज पडली तर बर्फासाठीची साखळी बसवायला जागा मिळते. फक्त एक अट: लहान रिममध्ये तुमच्या ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती दाबणारा चिमटा, मावलं पाहिजे. दणकट इंजिनाच्या मॉडेलवर ब्रेक मोठे असतात आणि 15 इंची रिम अडते. ते सीओसीवर कळतंच.

टायरवर मापानंतर 91T किंवा 91H असं काही असतं. 91 म्हणजे एका टायरवर 615 किलो भार, हा आकडा कागदावरच्यापेक्षा कमी कधीही घेऊ नका. अक्षर म्हणजे ताशी किलोमीटरमध्ये कमाल वेग: टी 190, एच 210, व्ही 240. हिवाळी टायरला इथे सवलत आहे. गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी अक्षराचा टायर लावता येतो, पण तो वेग लिहिलेला स्टिकर चालकाला दिसेल असा डॅशबोर्डवर हवा, आणि तो वेग पाळायला हवा. बर्फाच्या मोसमात 190 पुरे आहे.

रिम वापरलेली घेणार असाल तर चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: भोकांचं वर्तुळ, मधलं भोक, ऑफसेट (रिम टेकते ती जागा तिच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे) आणि बोल्टची बैठक. तुमच्या स्कोडाला वर्तुळ 5 बाय 112 आणि मधलं भोक 57.1 मिलिमीटर. मर्सिडीजचंही वर्तुळ 5 बाय 112 च आहे, पण मधलं भोक 66.6. म्हणजे मर्सिडीजची रिम स्कोडावर बोल्टने बसते, पण हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल चकतीवर, ती मध्यभागी टेकत नाही आणि ताशी 100 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. ‘बसली की झालं’ असं म्हणून घेतलेल्या रिम लोक माझ्याकडे बॅलन्सिंगला आणतात. त्यात दोष बॅलन्सिंगचा नसतो.

बोल्टची बैठक हा त्याहून गंभीर विषय. स्कोडा-फोक्सवागनच्या मूळ रिमला बोल्टचं डोकं ज्या जागी टेकतं ती जागा वाटीसारखी गोल असते आणि बोल्टही तसाच गोल खांद्याचा. बाजारातल्या इतर कंपन्यांच्या बहुतेक अलॉय रिमला ती जागा 60 अंशांची शंकूसारखी असते, तिला शंकूच्या खांद्याचे बोल्ट लागतात. गोल बोल्ट शंकूच्या जागेत घातला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला टक करणारा पाना) टकही करतो. पण टेकतो तो एका केसाएवढ्या रेघेवर. गाडी चालली, धातू दबला, की ताण गेला आणि बोल्ट सैल. म्हणून कुठलीही रिम घेताना तिचे बोल्ट सोबत घ्या किंवा कुठले लागतात ते कागदावर बघा, आणि दोन्ही संचांचे बोल्ट वेगळे असतील तर वेगळ्या डब्यांत नाव लिहून ठेवा. लांबीही बघा. तुमच्या गाडीच्या 14 मिलिमीटर जाडीच्या बोल्टला निदान साडेसात वेढे आत जायला हवेत. हाताने फिरवत मोजा, अर्धं मिनिट लागतं.

वापरलेल्या टायरचं वय बाजूवर लिहिलेलं असतं. डीओटी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. 3521 म्हणजे 2021 चा 35 वा आठवडा. नक्षी खोल दिसत असली तरी सात-आठ वर्षांचं हिवाळी रबर कडक झालेलं असतं, आणि मऊपणासाठीच तर आपण ते घेत होतो. सहा वर्षांपुढचा हिवाळी संच मी पैसे देऊन घेणार नाही. नवे घेताना उत्तर युरोपासाठी बनवलेले अतिमऊ हिवाळी टायर स्वस्तात मिळाले तरी टाळा. ते स्कँडिनेव्हियातल्या गोठलेल्या रस्त्यांसाठी असतात. स्टुटगार्टचा हिवाळा बहुतांश ओला असतो आणि ओल्या ऑटोबानवर ते कमी पडतात. खिळ्यांचे टायर तर जर्मनीत 1975 पासून बंद आहेत. ब्रँडबद्दल इथे मी शिफारस करत नाही. दर शरद ऋतूत इथल्या वाहनचालक क्लबांच्या चाचण्या छापून येतात, त्यांत तुमचं माप बघा आणि ओल्या रस्त्यावरचे व बर्फावरचे गुण दोन्ही वाचा. जाता जाता: इथे दुकानात व्रेडेस्टाइन नावाचे डच टायर दिसतील, ती कंपनी 2009 पासून आपल्या अपोलोची आहे. आपल्या लोकांना हे सांगितलं की आनंद होतो, मलाही होतो.

चाकातल्या हवेच्या सेन्सरची चिंता तुम्हाला नाही. युरोपात 1 नोव्हेंबर 2014 पासून नोंदलेल्या सगळ्या नव्या कारमध्ये हवेचा दाब कमी झाल्याचा इशारा असतो. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो, त्यांना दुसऱ्या संचातही सेन्सर लागतात आणि खर्च वाढतो. तुमच्या ऑक्टावियात एबीएसच्या सेन्सरवरून चाकाच्या फिरण्यातला फरक मोजतात. चाकं बदलली, हवा बरोबर भरली, की मेनूत जाऊन दाब नव्याने साठवायचा, एवढंच. हे करायला विसरलात तर दिवा उगीच लागेल किंवा खऱ्या पंक्चरला लागणार नाही.

आता प्रत्यक्ष बदल. घरी करता येतो, जागा सपाट आणि टणक हवी. उतारावर किंवा खडीवर नको. हँडब्रेक ओढा, गियरमध्ये ठेवा. चाक जमिनीवर असतानाच पाचही बोल्ट अर्धा वेढा सैल करा. मग जॅक दाराखालच्या पट्टीवर जिथे खुणा आहेत तिथेच लावा. नव्या गाड्यांत जॅक नसतोच, पंक्चरचा डबा असतो, त्यामुळे चांगला ट्रॉली जॅक विकत घ्यावा लागेल. काढलेलं चाक पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी चाकावर टेकेल. गाडीखाली डोकं घालू नका.

चाक निघालं की इथे थांबा. समोर हब दिसेल, ज्या गोल चकतीवर रिम टेकते ती. तिच्यावर तपकिरी गंज, मिठाची पांढरी पूड आणि कधी कधी रंगाचे पापुद्रे असतात. रिमच्या आतल्या बाजूलाही तेच. हे तसंच ठेवून चाक लावलं तर बोल्ट त्या गंजाच्या थरावर आवळले जातात. पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये गंज दबतो, चुरा होतो, आणि थर गेला तेवढी ढिलाई बोल्टमध्ये येते. गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर आलेल्या सैल चाकांचं हेच सर्वात नेहमीचं कारण होतं. एका कुटुंबाची गाडी आली होती, दोन दिवसांपूर्वी दुसरीकडे चाकं बदलून घेतलेली. ऑटोबानवर घरघर आवाज येतो म्हणाले. पुढच्या डाव्या चाकाचे तीन बोल्ट बोटांनी फिरत होते आणि हबवरचा गंज पानाच्या चुन्यासारखा सुटत होता.

म्हणून तारेच्या ब्रशने हब आणि रिमची टेकणारी जागा उघड्या धातूपर्यंत घासा, फडक्याने पुसा. मधल्या गोल उंचवट्याच्या कडेला सिरॅमिक पेस्टचा अगदी पातळ हात फिरवला तर चाक पुढच्या वेळी चिकटणार नाही. पण टेकणाऱ्या सपाट भागाला, बोल्टच्या आट्यांना आणि बोल्टच्या खांद्याला तेल-ग्रीस काहीही लावू नका. कंपनीने दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावलं की त्याच आकड्याला बोल्ट खूप जास्त ताणला जातो. सगळे बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवा. एकही अडला तर जोर करू नका, बाहेर काढून बघा. मग चाक जमिनीला टेकवा आणि टॉर्क रेंचने एक सोडून एक, चांदणी काढतो त्या क्रमाने आवळा. तुमच्या गाडीला 120 न्यूटन मीटर, तरी पुस्तिकेत खात्री करा, काही मॉडेलना 140 असतो. हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळणारा माणूस दिसला तर त्याला थांबवा, वर्कशॉप कितीही मोठं असलं तरी. तो तुमचा हक्क आहे, आणि ज्याला काम येतं तो याचा राग मानत नाही.

साधारण 50 किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा रेंच लावा. वर्कशॉपच्या बिलावर हे बारीक अक्षरात छापलेलं असतं आणि बहुतेक लोक येत नाहीत. या. फुकट असतं, पाच मिनिटं लागतात.

चाकांची दिशा: बहुतेक हिवाळी टायरवर बाण असतो, तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला हवा. त्यामुळे डावं चाक डावीकडेच राहतं, पण पुढचं मागे जाऊ शकतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या तुमच्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून जास्त नक्षी शिल्लक असलेली जोडी मागे लावा. पुष्कळांना हे उलटं वाटतं. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि तुम्हाला स्टिअरिंगवर कळतं. मागची सुटली तर गाडी फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही.

हवा थंड चाकांत मोजा. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब अंदाजे 0.1 बार कमी होतो. पंधरा अंशांच्या तळघरात भरलेली हवा उणे पाचच्या सकाळी 0.2 बार कमी दाखवेल, हे लक्षात ठेवून हिवाळ्यात महिन्यातून एकदा तपासा.

काढलेला संच ठेवण्याआधी धुवा, विशेषतः मीठ लागलेला. खाचांतले खडे काढा, पूर्ण वाळू द्या. खडूने लिहा कुठलं चाक कुठलं होतं: पुढे-डावं, पुढे-उजवं, मागे-डावं, मागे-उजवं. त्याच वेळी नक्षीची खोली मोजून वहीत लिहिली तर सप्टेंबरमध्ये नवे टायर लागतील की नाही हे मार्चमध्येच कळतं, आणि तेव्हा घाई नसते. रिमवरची चाकं एकावर एक आडवी रचा किंवा टांगा. नुसते टायर असतील तर उभे ठेवून अधूनमधून फिरवायचे. जागा थंड, कोरडी, अंधारी. तेलाची टाकी, रंगाचे डबे, पेट्रोल यांच्याजवळ नको. सतत चालणारी विजेची मोटरही शेजारी नको, तिच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि तो रबर चिरतो. भाड्याच्या घरात तळघर आणि गाडीच्या जागेवर काय ठेवता येतं याचे प्रत्येक इमारतीचे नियम असतात, आधी विचारून घ्या. जागा नसेल तर आमच्यासारखी वर्कशॉपं मोसमाचे पैसे घेऊन सांभाळतात. त्यात धुणं आणि तपासणी धरली आहे का, ते बिलावर लिहून घ्या.

चोरकुलपाच्या बोल्टचा, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास बोल्टचा, छोटा अडॅप्टर कुठे आहे ते आज रात्रीच गाडीत शोधा. वापरलेल्या गाडीत तो हमखास हरवलेला असतो आणि हे कळतं ते बर्फाच्या सकाळी, गाडी जॅकवर असताना. नसेल तर आत्ताच वर्कशॉपमधून ते बोल्ट काढवून घ्या आणि साधे लावा.

बदल कधी करायचा, तर ऑक्टोबर ते ईस्टर हा इथला जुना ठोकताळा तुमच्या भागाला चांगला लागू पडतो. मार्चमध्ये चार दिवस ऊन पडलं म्हणून घाई करू नका. आल्बवर एप्रिलातही पहाटे रस्ता पांढरा असतो. वर्कशॉपकडून करून घेणार असाल तर सप्टेंबरमध्येच वेळ घ्या.

नाताळच्या प्रवासासाठी म्हणून सांगतो: चाकं निघायच्या आदल्या दिवशी बदलू नका, निदान आठवडाभर आधी बदला, म्हणजे 50 किलोमीटरनंतरची तपासणी घाटात न होता घराजवळ होईल. डिकीत तुमच्या मापाची साखळी ठेवा आणि ती घरी उजेडात, कोरड्यात एकदा बसवून बघा. ऑस्ट्रियाच्या घाटात निळ्या गोल फलकावर साखळीचं चित्र दिसलं की ती बंधनकारक असते, हिवाळी टायर असले तरी. ती चालणाऱ्या चाकांवर लावायची, म्हणजे तुमच्या गाडीत पुढच्या. जर्मनीत साखळीसह ताशी 50 किलोमीटरच्या वर जाता येत नाही, आणि ऑस्ट्रियातही त्याच बेताने चालवा. साखळीसोबत जाड हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला एक जुनी चटई टाकून ठेवा.